विजेवर चालणारा मऊ ॲक्च्युएटर संथ का वाटतो? मोजणीतल्या या चुका टाळा

जळगाव परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करतो. गेल्या उन्हाळ्यात एका गटाने केळी डाग न पडू देता उचलणारी मऊ पकड करायला घेतली आणि तिच्यासाठी ताणलेल्या ॲक्रिलिक टेपच्या पापुद्र्याचा डायइलेक्ट्रिक ॲक्च्युएटर, म्हणजे व्होल्टेज दिल्यावर हालचाल करणारा भाग, बनवला. व्होल्टेज दिल्यावर पापुद्रा चटकन पसरायचा, पण व्होल्टेज काढल्यावर पूर्ववत होण्यास दोन-तीन सेकंद लावायचा. "सर, पदार्थच संथ आहे, सिलिकॉन रबर मागवू या," असा निष्कर्ष मुलांनी काढला होता. तो चुकीचा होता, आणि ही चूक मी दरवर्षी पाहतो.

असा ॲक्च्युएटर म्हणजे मुळात लवचीक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे साधन, असतो. त्यात विद्युतभार भरल्यावर दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रोड (ग्रॅफाइट पूड किंवा कार्बन ग्रीसचे वीजवाहक थर) एकमेकांकडे ओढले जातात आणि मधला पापुद्रा दबून पसरतो. आमची टेप १ मिलिमीटर जाडीची होती. दोन्ही दिशांना चारपट ताणल्यावर ती सुमारे ६२ मायक्रोमीटर उरली, आणि २५ चौरस सेंटिमीटर इलेक्ट्रोडला धारकता (भार साठवण्याची क्षमता) साधारण १.७ नॅनोफॅरड आली. आता ४ किलोव्होल्टचा जो सप्लाय होता तो केवळ पुरवठा करणारा होता, म्हणजे तो भार देतो पण परत ओढून घेत नाही. त्यामुळे सप्लाय बंद केल्यावर भार बाहेर पडायला मोजणीसाठी लावलेल्या १००० मेगाओहमच्या प्रोबखेरीज म्हणावी तशी वाटच नव्हती. १.७ नॅनोफॅरड गुणिले १००० मेगाओहम म्हणजे १.७ सेकंद, हा व्होल्टेज उतरण्याचा कालांक (सुमारे ३७ टक्क्यांवर येण्याचा वेळ). ताण, म्हणजे पसरण्याचे प्रमाण, व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असल्याने तो याच्या निम्म्या कालांकाने उतरतो; असे तीन कालांक म्हणजे सुमारे अडीच सेकंद, आणि मुलांना दिसलेले दोन-तीन सेकंद हेच होते. पदार्थाचा त्यात फारसा दोष नव्हता.

यावर घाईने १० मेगाओहमचा रोधक समांतर लावणे ही पुढची चूक. ४ किलोव्होल्टला तो ०.४ मिलिॲम्पिअर खातो, आणि आमच्या सप्लायची मर्यादाच ०.२५ मिलिॲम्पिअर होती, म्हणजे व्होल्टेज अडीच किलोव्होल्टच्या वर चढलेच नसते. आम्ही २ मेगाओहमचे वीस रोधक एकापुढे एक जोडले (पाव वॅटचा एकटा रोधक एवढे व्होल्टेज सहन करत नाही), तेव्हा कालांक ६८ मिलिसेकंदांवर आला. मात्र ही साखळीदेखील ०.१ मिलिॲम्पिअर सतत घेत असल्याने पसरण्याची क्रिया किंचित मंदावली. खरा उपाय म्हणजे सप्लाय तोडल्यावरच भार जमिनीकडे सोडणारा, उच्च व्होल्टेजसाठी बनवलेला रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. हात लावण्यापूर्वी पापुद्रा पूर्ण डिस्चार्ज झाल्याची खात्री करावी, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

"लगेच पसरतो" हेही तपासून पाहावे. ६.८ मायक्रोकूलोम भार ०.२५ मिलिॲम्पिअरने भरायला सुमारे २७ मिलिसेकंद लागतात; म्हणजे पदार्थ कितीही चपळ असला तरी या सप्लायवर तो त्याहून वेगाने पूर्ण ताण गाठू शकत नाही. मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला ३० चौकटी टिपत असेल, तर या साऱ्या घडामोडी एकाच चौकटीत संपतात. २४० चौकटींच्या स्लो मोशनमध्ये निदान ४ मिलिसेकंदांचा अंदाज येतो.

इलेक्ट्रोडचा रोध पापुद्रा ताणलेला असतानाच मोजावा. ग्रॅफाइटची पूड ताणली की कणांचा परस्परसंपर्क तुटतो, आणि सैल असताना किलोओहम दाखवणारा थर १० मेगाओहमवर जाऊ शकतो. तसे झाले तर १७ मिलिसेकंद केवळ तिथेच खर्ची पडतात, आणि तारेपासून लांबचा कोपरा मागे रेंगाळतो. कार्बन ग्रीस हात काळे करते, पण या बाबतीत मला तेच बरे वाटते.

एवढे सगळे दुरुस्त केल्यावर जो संथपणा उरतो तो पदार्थाचा. ॲक्रिलिक आधी उडी घेते आणि मग कित्येक मिनिटे हळूहळू सरकत राहते, म्हणून "१०० टक्के गाठायला लागलेला वेळ" हा आकडा निरर्थक असतो. १० ते ९० टक्क्यांचा वेळ द्यावा आणि व्होल्टेज किती वेळ ठेवले होते तेही लिहावे. प्रकल्प अहवालांत २००० सालच्या 'सायन्स' या नियतकालिकातील प्रसिद्ध शोधनिबंधाचा आधार देऊन २१५ टक्के ताण आणि नैसर्गिक स्नायूला मागे टाकणारा प्रतिसाद एकाच वाक्यात गुंफलेले असतात. त्यातला २१५ टक्क्यांचा ताण ॲक्रिलिकचा आहे, तर प्रतिसादाचा दावा सिलिकॉनचा.

तापमानाचीही नोंद ठेवा. वैशाखात आपल्याकडे पंचेचाळिशीच्या आसपास केलेली चाचणी आणि जानेवारीतल्या थंड सकाळी केलेली चाचणी यांची तुलना करू नये, कारण उष्णतेत ॲक्रिलिकचा अंतर्गत चिकटपणा कमी होऊन ते अधिक चपळ वागते. शिवाय कूलरची दमट हवा थेट टेबलावर येऊ देऊ नका. चौकटीवर ओलावा बसला की पृष्ठभागावरून करंट गळतो आणि व्होल्टेज चढत नाही. नॅफिऑन या पॉलिमरच्या आयनिक पट्ट्या हा मऊ ॲक्च्युएटरचा दुसरा प्रकार; त्यांची गोष्ट नेमकी उलट आहे. त्यांना आतले पाणी लागते, आणि आपल्या कोरड्या हवेत त्या काही मिनिटांत मलूल पडतात.

राहता राहिली फ्रिक्वेन्सी. पापुद्र्याला शून्याभोवती वर-खाली होणारे ५ हर्ट्झचे साइन व्होल्टेज दिले तर तो १० हर्ट्झने हलतो, कारण व्होल्टेजची दिशा कोणतीही असली तरी दाब एकाच दिशेने पडतो. आमच्या मुलांनी हा दुप्पट आकडा आधी "अपेक्षेपेक्षा चांगला वेग" म्हणून वहीत लिहिला होता; डीसी बायस देऊन, म्हणजे साइनमध्ये स्थिर व्होल्टेज मिळवून ते शून्याच्या एकाच बाजूला ठेवून, पुन्हा मोजल्यावर तो त्यांनी स्वतःच खोडला.