त्रास काहीच नाहीये, मग लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजारांची टेस्ट कधी करायची?

आधी मोबाईलमधलं कॅलेंडर उघडा आणि विनाकंडोम संबंध आले ती तारीख लिहून ठेवा, कारण इथून पुढचा सगळा हिशोब त्या तारखेवरून होतो, लक्षणांवरून नाही.

७२ तास झाले नसतील आणि एचआयव्हीची भीती असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी डॉक्टर गाठा, एचआयव्हीची लागण टाळणाऱ्या पेप नावाच्या गोळ्या तेवढ्याच वेळात सुरू कराव्या लागतात (जितक्या लवकर तितकं चांगलं).

क्लॅमिडिया आणि गनोरियाची टेस्ट साधारण २ आठवड्यांनी करा. दुसऱ्याच दिवशी घाबरून पळालात तर निगेटिव्ह येईल आणि उगाच निर्धास्त व्हाल. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काही म्हणजे काही जाणवत नाही, जळजळ नाही, डिस्चार्ज नाही, पण इन्फेक्शन आतल्या आत गर्भनलिकांपर्यंत जाऊ शकतं आणि मग काही वर्षांनी दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या सुरू झाल्या की कळतं. ओरल किंवा अ‍ॅनल झालं असेल तर लाज न बाळगता सांगा, घशातलं किंवा गुदद्वारातलं इन्फेक्शन लघवीच्या टेस्टमध्ये दिसत नाही, तिथला स्वॅबच (काडीने घेतलेला नमुना) घ्यावा लागतो.

सगळ्यात लबाड सिफिलिस. साधारण ३ आठवड्यांनी एक न दुखणारी जखम येते, कधी कधी अशा जागी की दिसतही नाही, आणि औषध न घेताच ३ ते ६ आठवड्यांत भरून जाते, माणूस म्हणतो बरं झालं, मग कधीतरी अंगावर, तळहातांवर पुरळ येतं, तेही जातं, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं सगळं शांत. त्या शांत काळात सिफिलिस फक्त रक्ताच्या टेस्टमध्ये पकडता येतो, म्हणून ही टेस्ट ३ महिन्यांनी परत करा, पहिली निगेटिव्ह असली तरी.

एचआयव्हीची फोर्थ जनरेशन टेस्ट (व्हायरसचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी, दोन्ही शोधणारी) लॅबमध्ये ४५ दिवसांनी, नुसती अँटीबॉडीवाली किट असेल तर ९० दिवस थांबा. पेप घेतलं असेल तर मात्र तारखा डॉक्टर ठरवतील.

हर्पिस (फोड आणणारं व्हायरसचं इन्फेक्शन) वेगळंच प्रकरण आहे, व्हायरस नसांमध्ये दडून बसतो आणि त्वचा स्वच्छ दिसत असतानाही अधूनमधून बाहेर पडतो, कंडोमने धोका कमी होतो पण सगळी त्वचा काही झाकली जात नाही.

आणि हो, लॅबमध्ये "सगळ्या टेस्ट करा" एवढंच म्हणू नका, कागदावर नावं वाचा, त्यात हर्पिस बहुतेक वेळा नसतंच.