स्ट्रॉबेरी, रासबेरी दोन दिवसांत बुरसतात? या चुका टाळा

बेरी खराब झाली की दोष फ्रिजला नाहीतर विकणाऱ्याला दिला जातो. बऱ्याचदा खरा प्रश्न पाण्याचा असतो. या फळांना भोवतालच्या हवेत ओलावा लागतो, नाहीतर ती सुकून सुरकुततात. पण फळावर पाणी राहिलं की बुरशीचं फावतं. हवेतला ओलावा आणि फळावरची ओल यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच बिघडत जातं.

आणल्या आणल्या धुऊन ठेवणं

सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. धुण्याची सवय चांगलीच आहे, फक्त वेळ चुकते. स्ट्रॉबेरीला म्हणावी अशी साल नसते. वर दिसणाऱ्या प्रत्येक बारीक बीजाभोवती छोटा खळगा असतो आणि पाणी नेमकं तिथे अडकून बसतं. रासबेरीचं आणखी अवघड. तोडताना तिचा मधला गाभा झाडावरच राहतो, म्हणून ती टोपीसारखी पोकळ असते. त्या पोकळीत शिरलेलं पाणी कापडाने टिपता येत नाही. बाहेरून कोरडी वाटणारी धुतलेली रासबेरी उलटी करून उजेडात धरा, आतली ओल चकाकताना दिसेल.

बुरशी बहुतेक वेळा घरात लागत नाही, फळाबरोबरच येते. स्ट्रॉबेरीवर जी करडी, लवदार बुरशी दिसते तिचं नाव बोट्रायटिस. तिचे बीजाणू, म्हणजे बुरशी ज्यांतून उगवते ते सूक्ष्म कण, शेतातूनच, कित्येकदा फुलोऱ्याच्या वेळीच फळात घर करून बसलेले असतात. ही बुरशी शून्य अंश सेल्सिअसच्या आसपासही सावकाश का होईना, वाढत राहते. फ्रिजमुळे तिचा वेग तेवढा कमी होतो. रायझोपस नावाच्या दुसऱ्या बुरशीची तऱ्हा वेगळी. ती फळाला पाणी सोडायला लावते आणि वर लांब पांढरे तंतू व काळे ठिपके उगवतात. ५ अंशांखाली मात्र तिची वाढ जवळजवळ थांबते. तेव्हा डब्याच्या तळाशी लाल रस साचला असेल आणि वर असे तंतू असतील, तर फ्रिज पुरेसा थंड नाही किंवा फळं बराच वेळ बाहेर राहिली होती, असं धरून चाला.

म्हणून जेवढी खायची तेवढीच, खाण्याच्या आधी धुवावी. ब्लूबेरीवरचा पांढुरका थर तर मुळीच घासू नये. तो नैसर्गिक मेणाचा असतो, फळातलं पाणी आत राखतो आणि धुताना निघून जातो.

व्हिनेगरचा उपाय अर्धवट करणं

एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि तीन वाट्या पाणी, त्यात फळं मिनिट-दोन मिनिटं बुडवायची, मग साध्या पाण्यातून काढायची. हा उपाय सगळीकडे सांगितला जातो आणि तो खोटा नाही, आम्लामुळे पृष्ठभागावरचे बरेच बीजाणू मरतात. पण याचा खरा कस वाळवण्यात आहे, आणि लोक नेमके तिथेच कंटाळतात. चाळणीत निथळवून लगेच डब्यात भरली, तर न धुता ठेवलेलं फळ त्याहून जास्त टिकतं. सुती कापडावर एका थरात पसरा, पंख्याखाली ठेवा, मधे एकदा हलक्या हाताने फिरवा. देठाच्या हिरव्या पानांखाली बोट लावून पाहा. तिथे ओल लागली तर अजून वेळ आहे. रासबेरीच्या वाटेला या उपायाने जाऊच नये, असं माझं मत.

स्ट्रॉबेरी साधारण ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३० सेकंद बुडवण्याचीही एक पद्धत आहे. उष्णतेने बुरशीचा जोर कमी होतो आणि एवढ्या वेळात फळ शिजत नाही. मात्र हे अंदाजाने करायचं काम नव्हे, थर्मामीटर हवाच. त्यानंतर वाळवणं इथेही चुकत नाही.

न निवडता डबा फ्रिजमध्ये सरकवणं

वरची फळं छान दिसतात, चेपलेली तळाशी असतात. घरी आल्यावर पाच मिनिटं काढून सगळी फळं ताटात ओता. बुरसलेली टाकून द्या, चेपलेली किंवा रस सुटलेली वेगळ्या वाटीत काढून त्याच दिवशी संपवा, बाकीची परत भरा. करडी बुरशी एका फळावरून शेजारच्या फळावर स्पर्शाने पसरते, त्यामुळे ही पाच मिनिटं कुठल्याही महागड्या डब्यापेक्षा जास्त कामाची आहेत.

भरताना खाली कोरडा टिश्यू पेपर घाला आणि शक्यतो एकच थर ठेवा, फार तर दोन. टिश्यू ओलसर झाला की बदला. नुसता घालून विसरला तर तोच ओल धरून ठेवतो.

घट्ट झाकणाचा डबा

बेरी ज्या भोकांच्या प्लास्टिक डब्यात येते, ती भोकं उगाच नसतात. फळं तोडल्यावरही श्वसन करतात, त्यातून बाफ निघते आणि बंद डब्यात ती झाकणाला धरून थेंब बनून खाली पडते. हवाबंद बरणीत स्ट्रॉबेरी टवटवीत राहते असं दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. सुरकुतणं थांबतं हे खरं, पण फळं अगदी कोरडी असतील तरच. आत दव दिसू लागलं की झाकण किलकिलं करा. फ्रिजमधल्या भाजीच्या कप्प्यालाही हाच नियम: भिंतींवर थेंब दिसले तर त्याची हवेची झडप उघडा. आणि स्ट्रॉबेरी पाण्यात बुडवून ठेवण्याची टूम मात्र सरळ सोडून द्या, फळ मऊ पडतं आणि चव पाण्यात उतरते.

फ्रिजच्या दारात बेरी ठेवू नये, तिथे तापमान सतत वरखाली होतं. अगदी मागच्या भिंतीला टेकवूनही नको. तिथे फळ गोठतं आणि बाहेर काढल्यावर काचेसारखे पारदर्शक डाग पडून लिबलिबीत होतं. सफरचंद, केळी यांच्यापासूनही लांब ठेवा. ही फळं इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सोडतात आणि करडी बुरशी त्यावर फोफावते. त्या वायूने अर्धी कच्ची स्ट्रॉबेरी पिकेल अशी आशाही नको. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर गोड होत नाही, फार तर रंग थोडा गडद होतो.

स्ट्रॉबेरीचा देठ आधीच खुडून ठेवणं हीसुद्धा चूकच. तिथे जखम होते आणि रस सुटतो.

सतत आत-बाहेर

थंड फळ उबदार हवेत आलं की त्यावर दव धरतं. डबा टेबलावर ठेवायचा, चार खायची, तासाभराने परत आत, असं दिवसातून तीनदा झालं तर फळ धुऊन ठेवल्यासारखंच. लागतील तेवढी काढा आणि डबा लगेच आत ठेवा.

एवढं केल्यावर रासबेरी दोन-तीन दिवस, चांगली स्ट्रॉबेरी पाच ते सात दिवस आणि ब्लूबेरी दहा दिवस ते दोन आठवडे टिकायला हरकत नाही. रासबेरीकडून आठवड्याची अपेक्षा ठेवू नका.

हे दिसलं तर काय करायचं?

ब्लॅकबेरीतले काही मणी काळ्याचे लाल झाले: हाताळणी आणि तापमानातल्या बदलाने असं होतं. खायला हरकत नाही.

एकच फळ बुरसलं: ते आणि त्याला चिकटलेली फळं टाका, बाकीची तपासून, धुऊन लवकर संपवा. मऊ फळाचा बुरसलेला भाग कापून उरलेला खाऊ नये, तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

आंबूस, दारूसारखा वास: यीस्टने आंबवायला सुरुवात केली आहे. जॅमलाही वापरू नका.

नुसती मऊ पडली, वास ठीक, बुरशी नाही: लगेच शिजवा, नाहीतर गोठवा.

गोठवतानाची घाई

पिशवीत भरून थेट फ्रीजरमध्ये टाकली की एकच ढेकूळ होतं. ट्रेमध्ये सुटी सुटी मांडून कडक होऊ द्या, मग पिशवीत भरून हवा काढा. स्ट्रॉबेरी आधी धुऊन, पूर्ण वाळवून, देठ काढून गोठवावी. ब्लूबेरी उलट न धुता गोठवावी आणि वापरताना धुवावी, नाहीतर साल चिवट होते. उणे १८ अंशांना आठ महिने ते वर्षभर चव चांगली राहते. वितळल्यावर मात्र ताज्या फळाचा कडकपणा मिळणार नाही, कारण बर्फाचे कण पेशी फोडतात. स्मूदी, सॉस, केक यांतच ती शोभते.

गोठवणं म्हणजे निर्जंतुक करणं, हा समज तेवढा काढून टाका. २०१२ मध्ये जर्मनीत गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू पसरला आणि सुमारे ११ हजार लोक आजारी पडले, त्यात बहुसंख्य शाळकरी मुलं होती. थंडीने हा विषाणू मरत नाही. विकत आणलेली गोठवलेली बेरी लहान मुलांना, गरोदर बाईला किंवा आजारी माणसाला द्यायची असेल तर चांगली उकळी आणून, निवली की द्यावी.