हँडल फिरवायच्या आधी

क्विल्टसाठी, म्हणजे तुकडे जोडून शिवायच्या गोधडीसाठी, कापड कापणारं डाय-कटिंग मशीन चालवता यायला किती दिवस लागतात, असं कुणी विचारलं की मी म्हणते, मशीन पाच मिनिटांत येतं. त्यावर कापड कसं ठेवायचं, ते शिकण्यात माझा एक आख्खा क्विल्ट गेला.

मशीनमध्ये आहे काय? दोन रोलर आणि एक हँडल. खरी करामत डायची. डाय म्हणजे सपाट पाटी, तिच्यात पोलादी पातं हव्या त्या आकारात उभं बसवलेलं, आणि ते पातं फोममध्ये बुडालेलं. फोमची बाजू वर ठेवायची, त्यावर कापड, कापडावर प्लास्टिकची मॅट, आणि ही चळत रोलरमधून पलीकडे काढायची. दाबाखाली फोम दबतो, पातं कापडातून आरपार जाऊन मॅटमध्ये किंचित रुततं. दाब गेला की फोम फुगतो आणि कापलेला तुकडा वर ढकलतो. अ‍ॅक्युक्विल्ट गो या मशीनमध्ये वर एक मॅट पुरते, सिझिक्सच्या बिग शॉट या मशीनमध्ये डाय दोन पॅडच्या मध्ये जाते. बाकी तत्त्व तेच.

नवी डाय आली की मी आधी पक्क्या शाईचं पेन घेते आणि फोमवर पात्याच्या कडेकडेने रेघ ओढते. पातं फोममध्ये लपलेलं असतं, वरून नीट दिसत नाही, आणि अंदाजाने ठेवलेलं कापड हमखास एका कोपऱ्यात कमी पडतं. (बोटाने चाचपून बघू नका. फोममध्ये असलं तरी ते पातंच आहे.)

आता मुख्य गोष्ट, कापडाचा उभा धागा. किनारीला समांतर जातो तो उभा, तो फारसा ताणत नाही. आडवा धागा ताणतो. रोलर कापडाला दाबून पुढे ढकलतो, तेव्हा कापड आडव्या धाग्यावर आत गेलं तर ते ताणलेल्या अवस्थेत कापलं जातं आणि बाहेर आल्यावर आकसतं. माझ्या पहिल्या क्विल्टचे साडेचार इंचाचे चौकोन एका बाजूने सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आखूड आले होते, आणि मी डायला दोष देत बसले होते. दोष माझा. उभा धागा रोलरमधून जायच्या दिशेनेच हवा. डायवर चौकोन जरासा तिरपा बसवलेला असेल तर कापड त्या चौकोनाला समांतर ठेवा, पाटीच्या कडेला नाही.

त्याआधी इस्त्री. कापड मऊ असेल तर हलका स्टार्च. चुणी आत राहिली की तुकडा तिथे वेडावाकडा कापला जातो.

साडेचार इंचाच्या चौकोनासाठी मी पट्टी पाच इंचाची घेते, म्हणजे चारही बाजूंनी दोन-दोन सूत जास्त. ४४ इंच पन्ना असेल तर किनारी काढून साधारण ४२ इंच हाताशी राहतात. ही लांब पट्टी पाच-पाच इंचांवर नागमोडी दुमडत जायची, एक घडी इकडे, एक तिकडे. आठ थर होतात. सुती कापडाचे सहा थर बहुतेक डाय कापतात, पण मी आठाचे सहा आणि दोन करत नाही, चार-चार करते. चार थरांत खालचा तुकडा आणि वरचा तुकडा डोळे मिटून एकसारखा येतो. जाड कापड असेल तर एक किंवा दोनच थर. घडीची कड पात्यावर येऊ देऊ नका, नाहीतर दोन तुकडे एकमेकांना चिकटलेले निघतात.

याची किंमत कापडाच्या रूपात मोजावी लागते, हेही सांगून टाकते. १२० चौकोन हवे असतील तर पट्टीला आठ या हिशोबाने १५ पट्ट्या, म्हणजे ७५ इंच कापड. रोटरी कटरने, म्हणजे गोल पात्याच्या हातकटरने, साडेचार इंचाच्याच पट्ट्या काढल्या तर एका पट्टीत नऊ चौकोन बसतात आणि १४ पट्ट्यांत, ६३ इंचांत काम होतं. बारा इंच कापड कतरणीत जातं. माझं मनगट वाचतं म्हणून मला ते परवडतं. कापड मोजकंच असेल तेव्हा मी आजही हातानेच कापते. कापडावरचं एखादं फूल बरोबर मध्यभागी हवं असेल तरीही हातानेच, कारण मॅट ठेवली की खालचं काही सरकलं का ते कळत नाही.

माझी भाची शिकायला आली तेव्हा तिने हँडल अर्ध्यावर नेलं, जड लागलं म्हणून मागे फिरवलं, परत पुढे नेलं.

"मावशी, हे बघ, दोनदा कापलंय."

बरोबरच आहे, मागे-पुढे करताना कापड सरकतं. एकाच दिशेने, न थांबता पलीकडे काढायचं. फारच जड जात असेल तर डाय फिरवून बघावी. लांब पातं रोलरला समांतर गेलं की सगळी लांबी एकदम दाबाखाली येते. तेच तिरपं किंवा टोकाकडून गेलं तर हँडल हलकं फिरतं. मात्र डाय फिरवली तर कापडही नव्याने ठेवायचं. उभा धागा विसरायचा नाही. आणि मॅट पात्याच्या सगळ्या रेघा झाकेल एवढी हवीच.

एखाद-दुसरा धागा कापायचा राहतो, तो नेहमी एकाच कोपऱ्यात राहत असेल तर तिथे पात्याशी तंतू अडकलेत का बघा आणि चिमट्याने काढा. कपड्यांवरचे केस काढायचा चिकट रोलर फोमवरून फिरवला की बाकीची लव निघते. तरी धागा राहिला तर मॅट बघा. एकाच जागी चर पडले की पात्याला खाली आधार मिळत नाही. मी दर फेरीला मॅट उलटवते आणि फिरवते. एकाच बाजूने वापरली तर ती वाकतेही.

डायवर लिहिलेलं माप कापलेल्या तुकड्याचं आहे की शिवून झालेल्या चौकोनाचं, ते एकदा नीट वाचा, दोन्ही तऱ्हा दिसतात. शिलाईसाठी दोन सुतांची माया डायमध्ये धरलेली असते. त्रिकोणांची टोकं छाटलेली निघाली तर डाय बिघडली असं समजू नका. जोडताना कडा बरोबर जुळाव्यात म्हणूनच ती तशी असतात. पन्नास तुकडे कापण्याआधी दोन कापून शिवून मोजा. तुकडे अचूक असले तरी आपली शिलाई असेलच असं नाही. माझी एका धाग्याने जास्त जात होती. अप्लिकसाठी, म्हणजे कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार लावायचे असतील तर, चिकट जाळी कापडाच्या उलट बाजूला आधी इस्त्रीने चिकटवून मग कापायचं, एवढंच.

राहिला समांतरभुज चौकोन. नागमोडी घडीत एक थर सुलटा असतो, पुढचा उलटा. चौकोनाला काही फरक पडत नाही, पण समांतरभुजाची अर्धी पिल्लं डावीकडे झुकतात, अर्धी उजवीकडे. असा आकार असेल तर पट्टीचे सुटे तुकडे करून सगळ्यांची सुलटी बाजू वर ठेवा. मी ४८ कापून झाल्यावर हे पाहिलं. २४ कामी आले, उरलेले २४ अजून डब्यात आहेत, आणि ते उजवीकडे झुकलेले वापरता येतील असं डिझाइन मी शोधते आहे.