हरवलेली नाणी आणि दागिने शोधताना

मेटल डिटेक्टर घेऊन बाहेर पडू पाहणाऱ्या नव्या माणसाला मी आधी एकच प्रश्न विचारतो: तुम्हाला हरवलेलं शोधायचंय की पुरलेलं? खिशातून पडलेलं नाणं, बोटातून निसटलेली अंगठी, कडी उघडून गळालेली साखळी हे हरवलेलं. बागेत, मैदानात, पुळणीवर ते बहुतेक वेळा वीतभर खोलीच्या आतच असतं. कुणी मुद्दाम भांड्यात भरून जमिनीत दडवलं ते पुरलेलं, आणि तिथे काम पुरातत्त्वज्ञांचं. मी फक्त हरवलेलं शोधतो, त्यामुळे इथे सांगतोय तेही त्याचंच.

माझी सगळी नोकरी जमिनीखालच्या टेलिफोन केबलमधले दोष शोधण्यात गेली. कानाला हेडफोन लावायचा, यंत्र जमिनीवरून न्यायचं आणि आवाज कुठे बारीक होतो, कुठे तुटतो ते ऐकत चालायचं. ती सवय अंगात मुरली आहे. म्हणून पडद्यावरच्या आकड्यापेक्षा मी आवाजावर जास्त विसंबतो.

सगळ्यात आधी परवानगी. जागा सार्वजनिक आहे म्हणून ती खणायची मुभा आपोआप मिळत नाही. बाग किंवा किनारा ज्यांच्या ताब्यात असेल त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या आणि तो कागद खिशात ठेवा. संरक्षित स्मारकांच्या आवारात आणि उत्खननाच्या जागी यंत्र न्यायचंच नाही. कायदे देशागणिक वेगळे आहेत. स्वीडन, फ्रान्स, आयर्लंड इथे अधिकृत परवान्याशिवाय जुन्या वस्तूंसाठी डिटेक्टर फिरवता येत नाही. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याखाली, 'निधी' (ट्रेझर, म्हणजे कायद्याने ठरवलेला मौल्यवान जुना ठेवा) या व्याख्येत बसणारी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं, १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. निघण्याआधी आपल्या जागेचा कायदा वाचा.

यंत्राबद्दल थोडक्यात. दांड्याच्या टोकाच्या चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे वीजप्रवाह उठतात आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र दुसरं वेटोळं पकडतं. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनेही असं यंत्र केलं होतं, १८८१ मध्ये, गोळी लागलेल्या अमेरिकेच्या अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली ती गोळी शोधायला. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या पोलादी तारांनी आवाजात गोंधळ घातला, हे त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. आजही नियम तोच आहे. पोलादी टोकाचे बूट, मनगटावरचं कडं, कॉइलजवळ आलेला मोबाइल हे सगळं ऐकू येतं. ते आधी दूर करा.

सुरुवातीला व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेच्या) प्रकारचं, म्हणजे साधारण ३ ते ३० किलोहर्ट्झवर चालणारं यंत्र पुरे. कोणता धातू असावा याचा अंदाज ते बऱ्यापैकी देतं. कॉइल २० ते २८ सेंटिमीटर व्यासाची असावी. नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत ऐकू येते, जमीन खनिजाळ असेल तर त्याहूनही कमी. समुद्राच्या ओल्या वाळूतच फिरायचं असेल तर पल्स इंडक्शन, म्हणजे तुटक झटक्यांनी चुंबकीय क्षेत्र सोडणाऱ्या, यंत्राचा विचार करा. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे साधं यंत्र तिथे उगाच किणकिणत राहतं. पल्स यंत्राला त्याचा त्रास कमी, पण लोखंड आणि चांदी यांतला फरक ते नीट सांगत नाही. मिळेल ते खणायची तयारी लागते.

आता आवाज. पहिल्या दिवशी घराबाहेर पडू नका. लाकडी टेबलावर किंवा मोकळ्या जमिनीवर एक खिळा, बाटलीचं बूच, ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगळा, पेयाच्या डब्याची ओढायची कडी, तांब्याचं नाणं, चांदीची वस्तू आणि सोन्याची अंगठी हातभर अंतरावर मांडा आणि प्रत्येकावरून कॉइल फिरवत बसा. लोखंड खालच्या सुरात घोगरं बोलतं. तांबं आणि चांदी वरच्या सुरात, स्वच्छ बोलतात. आणि सोन्याची अंगठी? ती फॉइल आणि डब्याची कडी यांच्या मधोमध बोलते, कधी कधी तर हुबेहूब त्यांच्यासारखीच. या छंदातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. नवी माणसं कचऱ्याला कंटाळून डिस्क्रिमिनेशनचं, म्हणजे ठरावीक धातूंचे आवाज गप्प करणारं, बटण फिरवतात आणि मधल्या सुरांचा सगळा पट्टा बंद करतात. कचरा गप्प होतो, त्याच्याबरोबर सोनंही गप्प होतं. दागिने शोधायचे असतील तर मधला पट्टा उघडा ठेवा आणि कड्या खणत राहा. फक्त जुनी चांदीची नाणी हवी असतील तर तो बंद केलेला चालेल. दोन्ही एकदम साधत नाही. त्या दिवशी काय शोधायचं ते आधी ठरवा.

कॉइल जमिनीपासून दोन-तीन बोटं वर, जमिनीला समांतर ठेवा. झोक्यासारखी टोकाला वर उचलली गेली की तिथली खोली वाया जाते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. सावकाश चला. मोठं मैदान भराभर पालथं घालण्यापेक्षा दोरी लावून आखलेला लहान चौकोन पुरता ऐकणं मला केव्हाही पसंत आहे. सिग्नल आला की थांबा, पुन्हा फिरवा, मग काटकोनात वळून त्याच जागेवरून फिरवा. दोन्ही दिशांनी तोच आवाज, त्याच ठिकाणी आला तर खणा. एका बाजूने गोड आणि दुसऱ्या बाजूने तुटका आला तर बहुधा वाकडा खिळा. बहुधा म्हणतोय, कारण खिळ्याशेजारी पडलेलं नाणंही असंच तुटक बोलतं. उभं रुतलेलं नाणंही क्षीण बोलतं. जुन्या जागेत असे संशयित आवाज मी सोडत नाही.

खणणं हे निम्म्याहून जास्त कौशल्य आहे, आणि परवानगी टिकते की जाते तेही इथेच ठरतं. यंत्राच्या पिनपॉइंट सोयीने जागा नेमकी करा. गवतात धारदार खुरप्याने तीन बाजू कापा, चौथी बाजू जोडलेलीच ठेवा आणि तो गवताचा थर मुळांसकट बिजागरीवरच्या झाकणासारखा उलटा. मुळं तुटली नाहीत तर तो पुन्हा जीव धरतो. खालची सुटी माती फडक्यावर काढा, गवतावर पसरू नका. हातात धरायचा पिनपॉइंटर (काडीसारखा छोटा डिटेक्टर) खड्ड्यात आणि मातीच्या ढिगात, दोन्हीकडे फिरवा. खुरपं वस्तूच्या दिशेने कधीच खुपसू नका, बाजूने खाली जा. शेकडो वर्षं टिकलेल्या नाण्यावर ओरखडा पडतो तो बहुतेक खुरप्याचाच. वस्तू निघाल्यावरही खड्डा पुन्हा ऐका, एका नाण्याखाली दुसरं असू शकतं. मग फडक्याची टोकं उचलून माती आत ओता, झाकण बसवा, पायाने दाबा. कोरड्या कडक उन्हाळ्यात गवत कापूच नका, ते परत धरत नाही. पावसानंतर एक-दोन दिवसांची ओलसर माती सगळ्यात चांगली, ती सुबक कापली जाते. मिळालेला कचरा पिशवीत घालून बरोबर न्या. पुन्हा आत टाकलात तर पुढच्या वेळी तुम्हालाच तो पुन्हा ऐकू येईल.

कुठे शोधायचं? माणसं वाकतात, बसतात, लोळतात, कपडे बदलतात तिथे. बाकांच्या पुढे आणि मागे, जुन्या मोठ्या झाडांच्या सावलीत, मुलं घरंगळत येतात त्या उतारावर, जुन्या पायवाटांच्या कडेने. शंभर वर्षांपूर्वी तिथे काय होतं ते जुन्या नकाशांवर बघा. आज निर्मनुष्य असलेल्या कोपऱ्यात कधी काळी बैठकीची जागा किंवा फाटक असू शकतं, आणि मग तिथली नाणी जुनी असतात.

किनाऱ्यावर दोन पट्टे आहेत. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू, जिथे लोक पथारी पसरतात, तिथे ताजी नाणी. पाण्यात उतरण्याच्या वाटेवर अंगठ्या, कारण थंड पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगाला लावलेल्या तेला-मलमाने सरकती होतात. पाण्याच्या तुलनेत वाळूच्या कणांची घनता २.६५ पटीच्या आसपास, शुद्ध सोन्याची १९.३ पट. लाटांनी वाळू ढवळली की सोनं खाली खाली जातं, कठीण थरावर जाऊन टेकतं. मोठ्या वादळाने वरची वाळू खेचून नेली की तो थर उघडा पडतो. वादळ पूर्ण शमल्यावरची पहिली ओहोटी म्हणून सोडू नये. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा आणि पाणी वळायच्या आत वर या. वाळूत खुरप्याऐवजी जाळीचं फावडं वापरा, आणि खड्डे इथेही बुजवा. अंधारात धावणाऱ्याचा पाय त्यात मुरगळतो.

नोकरीतून आलेली एक कळकळीची सूचना. सिग्नल लांबच लांब, सरळ रेषेत येत असेल तर ती वस्तू नाही, केबल किंवा नळ आहे. तिथे खुरपं लावायचं नाही. आणि खाली गंजकी, नळकांड्यासारखी, पंख किंवा टोक असलेली जड वस्तू दिसली तर हात लावू नका. जागेची खूण लक्षात ठेवून दूर व्हा, लोकांना दूर करा आणि पोलिसांना कळवा. जुने बॉम्बगोळे कित्येक दशकांनीही फुटतात.

शोधायला निघालात हरवलेलं आणि लागलं पुरलेलं, असंही होतं. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी एक जण शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होता, आणि त्याला रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी, चमचे लागू लागले. थोडं काढल्यावर तो थांबला आणि त्याने कळवलं. त्यामुळे उरलेलं सगळं पुरातत्त्वज्ञांना जागच्या जागी, रचना न मोडता उघडता आलं, अगदी लाकडी पेटीच्या खुणांसकट. सुमारे १५ हजार नाणी निघाली. हातोडाही सापडला, आज तोसुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एकाच खड्ड्यात जुनी नाणी, खापरं, हाडं दिसायला लागली की हेच करा: हात काढा, फोटो घ्या, माती तशीच ठेवा, कळवा.

जुनं नाणं घासायचं नाही. ब्रश नाही, चिंच-लिंबू नाही, पॉलिश नाही. संग्राहकाला आणि अभ्यासकालाही वरचा काळपट-हिरवा थर हवा असतो, आणि घासलेल्या नाण्याची अक्षरं परत येत नाहीत. शुद्ध केलेल्या पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, टिपून वाळवा. सोन्याला कोमट पाणी आणि साबण पुरतो. प्रत्येक वस्तूबरोबर तारीख, जागा आणि खोली लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आधुनिक दागिना असेल तर भिंगाने आतली बाजू बघा. ९१६ म्हणजे २२ कॅरट, ७५० म्हणजे १८, ५८५ म्हणजे १४, आणि ९२५ म्हणजे चांदी. पण मी आधी शोधतो ती नावं किंवा तारीख. ती अंगठी कुणाची तरी आहे आणि ते माणूस अजून बोटाकडे बघत असेल. जागेच्या व्यवस्थापनाकडे किंवा पोलिसांकडे नोंद करून पावती घ्या. तिथे सूचना लावायची असेल तर फक्त 'अंगठी सापडली' आणि महिना एवढंच लिहा. धातू, खडा, कोरलेली अक्षरं यांतलं काहीही लिहू नका, फोटोही देऊ नका. विचारत येणाऱ्याला आधी बसवा आणि आत काय कोरलंय ते त्याच्याकडून ऐका, मगच अंगठी दाखवा.