एडीएचडीची परदेशी प्रश्नावली मराठीत आणताना या चुका टाळा

मुलांमधील एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, तपासण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रश्नावल्या अमेरिकेत तयार झाल्या आहेत. एडीएचडी रेटिंग स्केल, स्नॅप-चार आणि व्हँडरबिल्ट या तिन्हींचा गाभा डीएसएम या अमेरिकी निदानपुस्तिकेतील 18 लक्षणांचा आहे. त्यांपैकी 9 लक्षणे अवधानाच्या कमतरतेची आणि 9 अतिचंचलता व उतावीळपणाची आहेत. लक्षणे सगळीकडे सारखीच, तेव्हा अचूक भाषांतर झाले की काम संपले, असे अनेकांना वाटते आणि पुढच्या बहुतेक चुका याच समजातून होतात.

उलट भाषांतरावर विसंबणे

मराठी मजकुराचे पुन्हा इंग्रजीत भाषांतर करून तो मूळ मजकुराशी ताडून पाहण्याची पद्धत उपयोगी असली, तरी तिच्यातून सर्वांत घातक चूक सहज निसटते. ‘थेट बोलले तरी ऐकत नाही’ हे विधान घ्या. उलट भाषांतरात ते मूळ विधानाशी तंतोतंत जुळेल. पण ‘आमचा मुलगा ऐकत नाही’ असे आई म्हणते, तेव्हा तो सांगितलेले मानत नाही, असे तिला म्हणायचे असते. अवधानाविषयीचा प्रश्न अशा रीतीने आज्ञाधारकपणाचा होऊन बसतो. 26 विधानांच्या स्नॅप-चारमध्ये विरोधी वर्तनासाठी 8 विधाने वेगळी दिलेली असताना, हट्टी मुलाचे गुण अवधानाच्या रकान्यात जमा होतात.

याच विधानात दुसरा सापळा नकाराचा आहे. ‘ऐकत नाही’ यापुढे ‘कधीच नाही’ हा पर्याय आला, की काही पालक ‘कधीच ऐकत नाही’ या अर्थाने त्यावर खूण करतात आणि सर्वाधिक 3 गुणांऐवजी 0 गुण नोंदला जातो. ‘समोर बसून बोलत असतानाही त्याचे लक्ष दुसरीकडेच असते’ अशी होकारार्थी रचना केल्यास दोन्ही अडचणी सुटतात.

वाक्प्रचारांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी लागते. मोटार बसवल्यासारखे सतत पळणे या इंग्रजी कल्पनेसाठी ‘पायाला भिंगरी लागली आहे’ हा प्रयोग चटकन सुचतो. परंतु तो सतत गावोगाव फिरणाऱ्या मोठ्या माणसालाही लावतात आणि त्यात पुष्कळदा कौतुक असते. अशा वेळी ‘क्षणभरही स्वस्थ बसत नाही’ असे साधे लिहावेसे वाटेल, पण तिथे पुन्हा नकार येतो. म्हणून मी ‘सतत हालचाल चालूच असते’ हे पसंत करीन.

हे दोष शोधण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पालकांना प्रत्येक विधान वाचून दाखवणे आणि ‘हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर नेमके काय आले?’ असे विचारणे. प्रश्नावल्यांच्या रूपांतरासाठी 2000 साली प्रसिद्ध झालेल्या आणि आजही आधारभूत मानल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचनांत अंतिम मसुदा 30 ते 40 व्यक्तींवर आजमावण्यास सांगितले आहे. वेळ वाचवण्यासाठी नेमकी हीच पायरी गाळली जाते, याचे मला वाईट वाटते.

उत्तरांच्या पर्यायांची सरमिसळ

एडीएचडी रेटिंग स्केलमधील पर्याय ‘किती वेळा’ हे विचारतात, तर स्नॅप-चारमधील पर्याय ‘किती प्रमाणात’ हे विचारतात. एकीची विधाने आणि दुसरीचे पर्याय जोडू नयेत. विधानातच ‘वारंवार’ हा शब्द ठेवून समोर ‘कधीकधी’ असा पर्याय दिला, तर पालकांनी कशाला होकार द्यावा, हेच त्यांना उमगत नाही.

परदेशातील कट-ऑफ जसाच्या तसा लावणे

कट-ऑफ म्हणजे ज्या गुणसंख्येपासून मुलात एडीएचडीची शक्यता धरली जाते, ती सीमा. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन, इंडोनेशिया, जपान आणि अमेरिका येथील मानसिक आरोग्य तज्ज्ञांना आठ वर्षांच्या चार मुलग्यांच्या त्याच चित्रफिती दाखवल्या होत्या. चिनी आणि इंडोनेशियन तज्ज्ञांनी अतिचंचल व त्रासदायक वर्तनाला जपानी आणि अमेरिकी तज्ज्ञांपेक्षा लक्षणीय जास्त गुण दिले. प्रशिक्षित तज्ज्ञांत एवढा फरक पडत असेल, तर शिक्षकांत तो गृहीतच धरायला हवा. बस्करपट्टीवर दाटीवाटीने बसलेल्या वर्गात ‘जागा सोडून उठतो’ याचा अर्थ स्वतंत्र बाक असलेल्या वर्गापेक्षा वेगळा होतो. म्हणून कट-ऑफ स्थानिक मुलांच्या नमुन्यावरून, वय आणि लिंगानुसार ठरवावा. दोन देशांची सरासरी ताडण्यापूर्वी विधाने दोन्हीकडे सारखीच मोजतात की नाही, हेही संख्याशास्त्रीय पद्धतीने तपासावे.

आकडे जुळले नाहीत, तर संस्कृतीला दोष देण्याआधी पद्धत पाहावी. 2007 सालच्या जागतिक आढाव्यात एडीएचडीचे प्रमाण 5.29 टक्के आढळले आणि अभ्यासांमधील तफावतीचा बराचसा भाग निदानाचे निकष, माहितीचा स्रोत अशा पद्धतीतील फरकांमुळे होता.

परवानगी आणि पर्याय

अनेक प्रश्नावल्यांवर स्वामित्वहक्क असतो, त्यामुळे भाषांतराला हात घालण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी आणि अधिकृत मराठी आवृत्ती आधीच उपलब्ध आहे का, ते पाहावे. भारतीय मुलांसाठीच तयार झालेले इन्क्लेन या संशोधन संस्थेचे निदानसाधनही विचारात घ्यावे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या अभ्यासात इन्क्लेनची साधने वापरली गेली होती. स्थानिक कट-ऑफ तयार होईपर्यंत भाषांतरित प्रश्नावली केवळ चाळणीसाठी वापरावी आणि निदान मात्र पालक, शिक्षक व मूल या तिघांशी बोलूनच करावे.