हरकतीचा अर्ज येण्याआधी

सिव्हिलची पदवी घेऊन पुण्यातल्या एका बिल्डरकडे लागलो, तेव्हा आपलं काम सळई-सिमेंटचं अशीच माझी समजूत होती. तिसऱ्या महिन्यात साहेबांनी एक फाइल पुढ्यात टाकली. "शेजारचे काका भडकलेत. जाऊन ये जरा."

कर्वेनगरातला जुना बंगला पाडून तिथे पार्किंग आणि वर सात मजले उठणार होते. शेजारच्या काकांनी बांधकाम विभाग, आयुक्त आणि नगरसेवक अशा तिघांना अर्ज धाडलेला. मुद्दे अकरा. एफएसआयपासून (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) बोअरच्या पाण्यापर्यंत सगळे. मी रात्रभर बसून अकराही उत्तरं तयार केली आणि सकाळी गेलो. काकांनी पाणी दिलं, उत्तरं बाजूला ठेवली आणि टीपॉयवर एक पाकीट सरकवलं. आमच्याच वकिलाने पाठवलेलं कॅव्हेट.

नव्यांसाठी सांगतो. कामाला मनाई मागायला कोणी कोर्टात गेलं, तर आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये म्हणून आधीच करून ठेवतात ते कॅव्हेट. ९० दिवस चालतं, आणि त्याची प्रत समोरच्याला पोस्टाने पाठवावीच लागते. वकिलाच्या दृष्टीने नेहमीचाच कागद. काकांच्या दृष्टीने मात्र चाळीस वर्षांचा शेजार संपल्याची बातमी कोर्टाच्या भाषेत आलेली. "बंगला विकला हे मला असं कळावं?" एवढंच म्हणाले. अकरा मुद्दे त्या पाकिटातून निघाले होते.

तेव्हापासून माझा नियम आहे: कॅव्हेट करायचं तर खुशाल करा, पण ते पोस्टात पडण्याआधी आपण दार वाजवलेलं हवं.

हे आपल्यालाच करावं लागतं, कारण इकडे शेजाऱ्याला बोलायला ठरलेली जागाच नाही. नकाशा नियमावलीत बसला की परवाना मिळतो, आणि आपल्या प्लॉटमध्ये मार्जिन, म्हणजे हद्दीपासूनची मोकळी जागा, सोडून बांधायला शेजाऱ्याची ना हरकत लागत नाही. २०,००० चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते खरी, पण २००६ च्या अधिसूचनेत इमारतींना जनसुनावणीतून वगळलं आहे. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते. म्हणजे झाडाच्या निमित्ताने माणसाला हरकत घेता येते, स्वतःच्या घरासाठी नाही! मग तो अर्ज करतो, माहिती अधिकार टाकतो, नाहीतर कोर्टात जातो. त्याला 'त्रासदायक' म्हणायची ऑफिसात पद्धत असते. तुम्ही ती उचलू नका.

अर्ज हातात आला की पेन्सिल घेऊन वाचा. काही मुद्द्यांचं उत्तर नकाशात असतं: मार्जिन किती, पार्किंग किती, रस्ता किती रुंद. त्यासाठी मंजूर नकाशाची प्रत घेऊन जा आणि टेप लावून त्यांच्या भिंतीपासूनचं अंतर जागेवर दाखवा. कागदावरचे मीटर कोणाला दिसत नाहीत. हद्दीचा वाद असेल तर वाद घालूच नका. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. लगतच्या धारकांना नोटीस जातेच, त्यांना खुणा घालताना उभं राहू द्या. आमचं कंपाउंड एकदा अशा मोजणीत वीतभर आत घ्यावं लागलं. साहेब चिडले, पण पुढचं सगळं काम शांतपणे झालं.

उरलेल्या मुद्द्यांचं उत्तर साइटवर असतं, आणि त्यातला सर्वांत मोठा म्हणजे खोदाई. बेसमेंट किंवा खोल पाया असेल तर खड्डा घ्यायच्या आधी शेजाऱ्याच्या घरातल्या भेगा नोंदवा. त्याच्यासोबत, त्याच्या घरात शिरून. काकांच्या घरात आम्ही ४३ भेगा मोजल्या. प्रत्येकीशेजारी पट्टी धरून फोटो, भिंतीवर पेन्सिलीने क्रमांक, यादीवर दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांना. मोठ्या भेगांवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली आणि काचेवर तारीख घातली. भिंत हलली की काच तडकते, त्यात वाद उरत नाही. देवघरामागच्या भेगेपाशी काकू म्हणाल्या, "ही पानशेतच्या पुराच्या वर्षीची." काका म्हणाले, "घर बांधलंय त्र्याऐंशी साली." त्या दिवशी पहिल्यांदा चहा मिळाला.

आवाजाबाबत वेळा लिहून द्या आणि पाळा. रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायची नाहीत, असं ध्वनिप्रदूषण नियमच सांगतात. दुपारी दोन ते चार ब्रेकर (फोडायचं यंत्र) बंद हे मात्र आम्ही आमच्या मनाने ठरवलं. पुण्यात त्याचं कारण सांगावं लागत नाही.

काही हरकतींवर उपाय नसतो. सात मजले उठले की शेजारच्या अंगणातलं सकाळचं ऊन जातं. २० वर्षं खिडकीतून विनाअडथळा मिळालेल्या उजेडावर ईझमेंट कायद्याने हक्क सांगता येतो, म्हणून अशी खिडकी दिसली तर आधी वकिलाला विचारा. पण हक्क बसत नसला तरी ऊन जाणार आहेच, ते तोंडावर सांगा. "काही फरक पडणार नाही" हे वाक्य मी एकदा एका शेजारणीपाशी वापरलं, आणि त्या बाईंनी ते मला पुढे दोन वर्षं ऐकवलं.

जुलैच्या पावसात देवघरामागची काच तडकली. काकांचा फोन मला आला, महापालिकेला नाही. आम्ही त्या बाजूची खोदाई थांबवली, शोअरिंग (खड्ड्याच्या कडेला दिलेला आधार) वाढवलं, पावसानंतर भेग भरून खोलीला रंग दिला. रंग काकूंनी निवडला, पिस्ता.

अर्ज त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतला नाही. स्लॅबच्या दिवशी आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी अडकून रात्री सव्वादहाला आली, तेव्हा काका बनियनवर गेटपाशी आले, घड्याळ माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, "किती गाड्या आहेत अजून?" मी म्हटलं, दोन. "उद्या ओता," म्हणाले. गाड्या परत पाठवल्या.