नॅनोसेल्युलोजची फिल्म ओतताना: पाणी कुठे कुठे फसवतं

पहिल्या महिन्यात मी अकरा फिल्म ओतल्या. एकही सपाट निघाली नाही. काहींच्या कडा वळून वाटी झाली, दोन काचेला अशा चिकटल्या की ब्लेडनं खरवडाव्या लागल्या. अन्नाच्या वेष्टनासाठी सेल्युलोज नॅनोतंतूंवर (वनस्पतींच्या सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे, म्हणजेच नॅनोसेल्युलोज) काम सुरू करणाऱ्याचा तो महिना वाचावा म्हणून हे लिहितेय.

सस्पेन्शन, म्हणजे पाण्यात पसरलेले हे तंतू, तयार मिळालं तरी बाटलीवरच्या टक्केवारीवर विसंबू नका. थोडं घेऊन 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि घनभाग स्वतः काढा. मग ते 0.5 टक्क्यापर्यंत पातळ करा. एक-दोन टक्क्यांनाच ते जेलसारखं घट्ट होतं, तसंच ओतलं तर गुठळ्या आणि बुडबुडे आत अडकून बसतात.

9 सेंमी व्यासाच्या डिशचं क्षेत्रफळ सुमारे 64 चौरस सेंमी. तिच्यात 50 ग्रॅम ओतलं की 0.25 ग्रॅम सेल्युलोज जातं. घनता घन सेंमीला 1.5 ग्रॅम धरली तर जाडी साधारण 26 मायक्रॉन. प्रत्यक्षात थोडी जास्तच भरते, कारण आत पोकळ्या राहतात. लवचीकपणासाठी सेल्युलोजच्या 20 टक्के ग्लिसरॉल, म्हणजे 0.05 ग्रॅम. तो चिकट थेंब तोलत बसू नका. ग्लिसरॉलचं 1 टक्क्याचं द्रावण करा आणि त्यातलं 5 ग्रॅम ढवळताना घाला.

बुडबुडे व्हॅक्यूमखाली काढा. डिश पॉलिस्टायरीनची घ्या, फिल्म सुटायला सोपी जाते. डिशखाली स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा. टेबल जरा कललेलं असलं तरी एक बाजू जाड होते. पंख्याच्या ओव्हनमध्ये कडा आधी सुकतात आणि मधला भाग ओढतात. माझ्या वाट्या तिथेच झाल्या. आता मी वर फिल्टर पेपर झाकून खोलीतच चार-पाच दिवस ठेवते.

खरी गंमत पुढे आहे. कोरड्या फिल्ममध्ये तंतू हायड्रोजन बंधांनी इतके घट्ट बसतात की ऑक्सिजनला वाट मिळत नाही. आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर गेली की पाणी तंतूंमध्ये शिरतं, फिल्म फुगते आणि तोच ऑक्सिजन झपाट्यानं जाऊ लागतो. ग्लिसरॉल स्वतःच पाणी ओढतं, त्यामुळे ते घालताना हात जड झाला तर हे आणखी बिघडतं. म्हणून मापनाआधी दोन बंद बरण्या तयार ठेवा. एकीत मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण, दुसरीत साध्या मिठाचं. 25 अंशांना आत अनुक्रमे 53 आणि 75 टक्के आर्द्रता टिकते. फिल्म 48 तास तिथे ठेवा आणि प्रत्येक आकड्याशेजारी आर्द्रता लिहा. ती नसलेला आकडा मी वहीत घेतच नाही.

फिल्ममधून पाण्याची वाफ किती जाते ते पाहायला कपाची चाचणी: कपात निर्जल कॅल्शियम क्लोराइड, तोंडावर फिल्म, कडेला वितळलेलं मेण, आणि ठरावीक वेळानं वजन. सुरुवातीची एक-दोन निरीक्षणं सोडा, नंतरच्या सरळ रेषेचा उतार घ्या. सोबत एका कपावर फिल्मऐवजी ॲल्युमिनियम फॉइल लावा. त्याचं वजन वाढायला नको. माझं वाढत होतं. वाफ मेणाच्या कडेतून आत शिरत होती, आणि मी तीन आठवडे फिल्मचे गुण लिहीत बसले होते!

जैवविघटनासाठी 2 सेंमीचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून ओल्या मातीत पुरतात. पहिल्या दिवसांत वजन 17 टक्के घटलं म्हणून नाचू नका. 0.30 ग्रॅमच्या फिल्ममध्ये ग्लिसरॉल तेवढंच आहे आणि ते नुसत्या पाण्यानंही धुऊन जातं. एक तुकडा निर्जंतुक पाण्यात बुडवून ठेवा, त्याची घट मातीतल्या घटीतून वजा करा आणि मगच सूक्ष्मजीवांच्या खात्यावर काय येतं ते पाहा.